हावळ अण्णांच्या खोलीतलं वलय

हावळ खून खटल्याचा निकाल कोर्टात लागायचा होता, पण इचलकरंजीत तो केव्हाच लागून गेला होता. स्टँडसमोरच्या पुस्तकांच्या दुकानात ‘सुनेची सावली’ या कादंबरीची चळत दारातच मांडली होती आणि बस पकडायच्या घाईतली माणसंसुद्धा थांबून ती उचलत होती. इन्स्पेक्टर शलाका मालिकेतली ही एकतिसावी कादंबरी. मुखपृष्ठावर एक नर्स, हातात सुई, आणि मागच्या भिंतीवर तिची लांबलचक सावली. नावगाव सगळं बदललेलं होतं म्हणा. पण घटस्फोट झालेली नर्स सून आणि एकटा राहणारा यंत्रमागवाला सासरा म्हटल्यावर कोण कुणाला ओळखायचं राहतंय? गावात पोरंसोरंही खुनी कोण ते सांगत होती.

पोलीस निरीक्षक वृंदा चोपडे त्या दुकानावरून जाताना ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगायची. लपवायचं कशाला, बरं वाटायचं तिला. कादंबरीतली शलाका म्हणजे तीच होती, आणि कादंबऱ्या लिहिणारा मुकुंद चोपडे हा तिचा नवरा. वृंदानं दिवसभर गुन्हे शोधायचे, जेवताना ते मुकुंदला सांगायचे आणि मुकुंदनं त्याला तिखटमीठ लावून पुस्तक काढायचं, असा त्या घरचा शिरस्ता. शलाका ताडमाड उंच होती, घोड्यावर बसायची आणि तिला कधी सर्दीसुद्धा व्हायची नाही. वृंदाला गुडघेदुखी होती.

"माझे गुडघे का रे देत नाहीस तिला?" असं तिनं एकदा विचारलं, तर मुकुंद म्हणाला, "गुडघ्यांची कादंबरी कोण विकत घेणार, बाई?"

शलाकाच्या हातातलं यंत्र मात्र अगदी खरं होतं. वलयमापक. राज्यात ते पहिल्यांदा इचलकरंजीच्या पोलिसांना मिळालं आणि त्याच्या जोरावर पहिली शिक्षा वृंदानंच मिळवून दिली.

यंत्रामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते. त्या वस्तीत कोणत्या जातीचे किती, हे प्रमाण ज्याचं त्याचं असतं. जुळ्या भावांचंसुद्धा जुळत नाही. आपण बोलतो, खाजवतो, नुसते बसून राहतो, तरी अंगातून या जिवाणूंचा न दिसणारा ढग सारखा सांडत असतो. हे आपलं वलय. माणूस निघून गेला की ढग खाली बसतो, ऊब नाही आणि ओल नाही म्हणून त्यातले जीव मरू लागतात, आणि एक-दोन दिवसांत वलय विरून जातं. यंत्र खोलीतली हवा ओढून घ्यायचं, त्यातले फक्त जिवंत जिवाणू मोजायचं आणि सरकारी वलयनोंदीशी ताडून नावं सांगायचं. मेलेल्या जिवाणूंकडे ते बघतही नसे. सगळी मदार त्यावरच होती. बोटाचा ठसा वर्षापूर्वीचा असू शकतो, केस कुणाच्या कपड्याला चिकटून येऊ शकतो; पण वलय जिवंत सापडलं, तर तो माणूस काल-परवा तिथं येऊनच गेलेला असणार. वकिलांनी डोकी आपटली, पण या हिशेबात कुणाला खोट काढता आली नव्हती.

भालचंद्र हावळ म्हणजे कोष्टी गल्लीतले अण्णा. बायको विमलताई वारल्या, मुलगा बेंगळुरूला, माग विकून टाकलेले. एकटेच राहायचे. तापानं फणफणले होते आणि एका सकाळी शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं तर खाटेवर गेलेले. रक्तातली साखर पार तळाला गेली होती. तापात जेवणखाण नाही आणि इन्सुलिन मात्र सवयीनं नेहमीएवढं घेतलं, की म्हाताऱ्या माणसाचं असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. फाइल तिथंच मिटायची. पण नियमाप्रमाणे वृंदानं खोलीत यंत्र लावायचं ठरवलं. खाटेवरचं पांघरूण तिनं हातमोजे घालून स्वतः नीट घडी केलं, उशाशी सारलं आणि यंत्र खाटेवर मांडलं. शेजारी, डॉक्टर, हवालदार अशी यायचीच ती नावं आली. आणि एक यायला नको होतं ते आलं. दीपाली हावळ.

दीपाली अण्णांची सून. घटस्फोटात अण्णांनी मुलाच्या बाजूनं, तिला नाही नाही ते बोलून साक्ष दिली होती. तेव्हापासून ती लेकीला घेऊन वेगळी राहत होती आणि एका दवाखान्यात नर्सचं काम करत होती. वृंदानं तिला ठाण्यात बोलावलं.

"शेवटचं कधी गेला होता त्या घरात?"

"घटस्फोट झाला तेव्हा. त्यानंतर उंबरा ओलांडलेला नाही मी."

"या आठवड्यात?"

"नाही म्हटलं ना, मॅडम."

"तुमचं वलय सापडलंय खोलीत. जिवंत."

दीपालीनं पुढे वाकून यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग यंत्र चुकलं असंल."

वृंदा हसली. "यंत्राचं तुमच्याशी काय वाकडं आहे हो?"

झालं. बाई गेली होती आणि गेले नाही म्हणते, म्हणजे खोटं बोलते. खोटं बोलते, म्हणजे काहीतरी लपवते. नर्स आहे, इन्सुलिन टोचायचं हिच्या हातातलं काम, आणि मनात जुना राग. एका साध्या मरणाचा खून व्हायला एवढं पुरलं. दीपालीची लेक ईश्वरी तेव्हा कॉलेजात होती. नातीचा आजोबांवर फार जीव होता, दर रविवारी ती त्यांच्याकडे जायची. ठाण्यात यंत्राच्या पडद्यावरचं आईचं नाव तिनं वाचलं आणि मान फिरवून निघून गेली ती गेलीच. मामाकडे राहायला गेली. तुरुंगात आईला भेटायला एकदाही आली नाही.

वर्ष गेलं. वृंदाची साक्ष सोमवारी होती आणि बचावाच्या वकिलानं यंत्र कोर्टात चालवून दाखवा अशी मागणी केली होती. म्हणून रविवारी दुपारी वृंदा हातात मावणारं छोटं वलयमापक घरी घेऊन आली. भर कोर्टात बटणं चाचपत बसायला नको, थोडा सराव केलेला बरा.

घरी तिचे बाबा तापानं आजारी होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, पण अजून घरातल्या कुणीही दिवा चालू ठेवला तर ओरडायचा. आत्ता मात्र अंगावर वाकळ घेऊन, नाकापर्यंत ओढून, घामानं डबडबून पडले होते. आजूबाजूच्या गावांत गोधडीला वाकळच म्हणतात. जुनी लुगडी, साड्या, धोतरं यांचे थर एकावर एक घालून, हातानं टाके घालून शिवायची. घरातल्या बायांचं नेसून झालेलं सगळं त्यात जातं.

"काय करायलीस गं? फोटो काढायलीस का माझा?" बाबांनी विचारलं.

"पडून राहा बाबा. यंत्र तपासतेय."

खोलीत दोघंच होते, आणि मुकुंद ताप लागेल या भीतीनं चार दिवस तिकडे फिरकला नव्हता. दोनच नावं यायला हवी होती. यंत्र गुरगुरलं आणि पडद्यावर तीन नावं आली. वृंदा चोपडे. वसंत बेलेकर. सुनंदा बेलेकर, आणि पुढे बारीक अक्षरांत: मृत्यूची नोंद आहे.

वृंदानं पडदा पुसून पुन्हा वाचलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा लावलं. पुन्हा आई.

"काय गं, पांढरीफटक पडलीस? कोण आलंय म्हणतंय तुझं ते यंत्र?"

"आई."

बाबांनी वाकळ पुन्हा नाकावर ओढली. मग वाकळीतून त्यांचा आवाज आला. "आलीय तर चहा टाक म्हणावं. आलं घालून."

वृंदाला हसू आलं आणि रडूही आलं. ती खाटेपाशी गुडघे टेकून बसली. गुडघ्यांनी कळ दिली ती तिला कळलीही नाही. वाकळीत तोंड खुपसून तिनं श्वास घेतला. ओल्या सुताचा, तापाचा वास. वरचा थर आईच्या हिरव्या लुगड्याचा होता. तिला क्षणभर खरोखरच वाटलं, की आई इथं आहे, आणि इतकं बरं वाटलं की तिनं तो क्षण तसाच राहू दिला.

मग तिच्यातली पोलीस जागी झाली. तिनं बाबांच्या अंगावरून वाकळ काढून त्यांना ब्लँकेट दिलं, वाकळ गच्चीवर नेऊन टाकली, खिडक्या उघडून खोली मोकळी केली. पुन्हा यंत्र लावलं. दोन नावं. आई नव्हती. वाकळ परत आणली, बाबांना पांघरली. "काय चाललंय हे, काढ-घाल काढ-घाल! मी काय बाहुला आहे का?" बाबा कुरकुरले. थोड्या वेळानं त्यांना पुन्हा घाम फुटला. पुन्हा यंत्र. आई आली.

जिवाणू मरतात हे खरं, पण सगळे मरत नाहीत. काही अंग आखडून, कवच घेऊन, बियाण्यासारखे वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. उघड्या फरशीवर ते धुऊन-पुसून जातात. वाकळीच्या आतल्या थरात मात्र ना ऊन पोचतं, ना साबण. एखाद्याला फणफणून ताप आला, घामानं वाकळ आतपर्यंत भिजली, गरम झाली, की ते जागे होतात, वाढतात आणि हवेत येतात. यंत्र करणाऱ्यांनी प्रयोग केले ते दूरच्या शहरांतल्या, गाद्या आणि दुलया असलेल्या खोल्यांत. त्यांना वाकळ माहीत नव्हती. वृंदाला माहीत होती. लहानपणी ती वाकळीशिवाय एक रात्र झोपली नव्हती. आणि अण्णांच्या अंगावरची वाकळ तिनं आपल्या हातानं घडी करून बाजूला ठेवली होती.

ती तशीच कोष्टी गल्लीत गेली. पुराव्याची खोली म्हणून सील केलेली, किल्ली तिच्याकडेच. वाकळ उशाशी होती, तिनं ठेवली होती तिथंच. एका कोपऱ्यात टाके उसवले होते आणि आतून पिवळ्या फुलांची साडी डोकावत होती. भिंतीवर ईश्वरीच्या बारशाचा फोटो. दीपाली पाळण्यापाशी उभी होती, हसत, पिवळ्या फुलांच्या साडीत. विमलताईंनी सुनेच्या जुन्या साड्या वाकळीत घातल्या होत्या. कुठल्याही सासूनं घातल्या असत्या.

वृंदा खाटेच्या कडेला बसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की उठून आरशात बघायचीही सोय राहिली नाही. इथं खून झालाच नव्हता. एक म्हातारा आजारी पडून मेला होता, आणि त्याचा खून तिनं केला होता, कागदावर, यंत्र हातात घेऊन. ‘यंत्राचं तुमच्याशी काय वाकडं आहे हो?’ आपला तो आवाज, त्यातली ती मजा तिला आठवली.

घरी मुकुंद टेबलाशी बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुणाला बोललीस?"

"तुला."

"हे बघ, वृंदा. वाकळीचं त्या वकिलाच्या डोक्यातही येणार नाही. तू फक्त विचारतील त्याचं उत्तर दे. विचारलं नाही ते सांगू नको. यात खोटं काय आहे?"

"ती बाई आत आहे, मुकुंद."

"वरच्या कोर्टात सुटेल की. आणि बाकीचे खटले? तू ज्यांना ज्यांना शिक्षा दिलीस ते सगळे उद्या दारात येऊन उभे राहतील. पुस्तक बाजारात गेलंय, अगं! गावानं वाचलंय."

"म्हणून तर."

तो उठून येरझाऱ्या घालू लागला. नवऱ्याला ती ओळखून होती. त्याची पावलं मंदावली की डोक्यात काहीतरी शिजतं. तसंच झालं. तो थांबला आणि त्याचे डोळे चमकले. "थांब. बत्तिसाव्या कादंबरीत शलाका स्वतःची चूक स्वतःच शोधून काढते! भर कोर्टात! कुणी केलंय का असं आजवर?"

 वृंदाला चीड यायला हवी होती, पण तिला त्याचीही लाज वाटली आणि स्वतःची जास्त, कारण गेली कित्येक वर्षं जेवताना दुसऱ्यांची दुःखं याच टेबलावर तिनंच वाढली होती, हौसेनं.

"हे लिहायचं नाही," ती म्हणाली. "आणि यापुढे मी काही सांगणार नाही."

मुकुंदनं टेबलावरचे कागद गोळा करून कपाटात टाकले. त्या रात्री जेवणं पाच मिनिटांत उरकली. सकाळी तो प्रकाशकाशी फोनवर दबक्या आवाजात भांडत होता, दुकानांतल्या प्रती परत मागवा म्हणत होता, एवढं तिनं निघताना ऐकलं.

कोर्टात सरकारी वकिलांनी तिला पहिला प्रश्न विचारायच्या आतच ती न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, प्रश्नांच्या आधी मला काही सांगायचंय. माझा तपास चुकलाय."

वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. वृंदानं सगळं सांगितलं: बाबांचा ताप, आईचं नाव, वाकळ, पिवळी साडी. कोर्टात गर्दी होती. शलाका कशी दिसते ते बघायला माणसं आली होती. दीपाली पिंजऱ्यात उभी होती. ती वृंदाकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "खोलीतली प्रत्येक वस्तू तपासणं तुमचं काम होतं. ही का तपासली नाही?"

"वाकळ पुरावा असेल असं वाटलंच नाही, साहेब. घरोघरी असते."

"आणि आरोपी तुम्हाला काय सांगत होत्या?"

"गेले नव्हते, असं."

"किती वेळा?"

वृंदा बोटांवर मोजू लागली आणि थांबली. मागून कुणीतरी हसलं. बरोबरच होतं त्याचं.

कोर्टानं पंचांसमोर वाकळीची चाचणी करायला लावली. कापडाला ऊब आणि ओल दिल्यावर यंत्रानं दीपालीचं नाव दिलं, आणि अगदी आतला थर भिजला तसं विमलताईंचंही दिलं. खटला संपला. यंत्रं सगळ्या ठाण्यांतून काढून घेतली, जुने खटले पुन्हा उघडले. वृंदावर चौकशी बसली. तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही.

दीपाली सुटली त्या सकाळी वृंदा तुरुंगाच्या दारात गेली. गणवेश नव्हता. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण दीपाली पिशवी घेऊन बाहेर आली आणि ठरवलेलं सगळं पळून गेलं.

"मला माफ करा, दीपालीताई," एवढंच ती म्हणाली.

दीपालीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, यंत्र म्हणालं म्हणून मी खुनी झाले. आता तुम्ही म्हणालात म्हणून सुटले. मी वर्षभर तेच सांगत होते. माझं म्हणणं कधी खरं धरणार?"

 रस्त्याच्या पलीकडे रिक्षातून कुणीतरी उतरलं. ईश्वरी होती. वर्षभरात चांगली वाळली होती. रस्ता ओलांडून ती आईच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिथंच थबकली. दीपालीनं हात पुढे केला. तो धरावा की नाही ते पोरीला ठरवता येईना.

"मम्मी, म्हणजे तू खरंच गेली नव्हतीस?"

"नाही गं."

"मला वाटलं, माझ्यामुळं झालं सगळं. मीच तुझ्या दवाखान्यात येऊन सांगितलं होतं ना, आजोबांना ताप आहे, इन्सुलिनचा घोळ घालतायत, एकदा बघून ये म्हणून. तू येते म्हणालीस. मला वाटलं मी तुला पाठवलं, आणि तू..."

वृंदानं दचकून दीपालीकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. इतक्या चौकशीत दीपालीनं लेकीचं नावही मध्ये येऊ दिलं नव्हतं, आणि ईश्वरीही कुणाला बोलली नव्हती.

"तुझ्यामुळं काही झालं नाही," दीपाली म्हणाली.

ईश्वरीनं डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पण मग तू गेलीच नाहीस?"

वर्षभर चौकशीत, कोर्टात, सगळ्यांच्या नजरेला नजर देऊन ‘मी गेले नव्हते’ म्हणणाऱ्या दीपालीनं पहिल्यांदाच मान खाली घातली.

"निघाले होते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तुझ्या आजोबांनी कोर्टात माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते आठवलं. म्हटलं मरू देत. आणि माघारी फिरले."

वृंदाला तिथं उभं राहायचा काही अधिकार नव्हता, हे तिला कळत होतं. ती मागे सरली. मायलेकी तशाच समोरासमोर उभ्या होत्या. दीपालीचा पुढे केलेला हात कधीच खाली गेला होता, आणि ईश्वरी रडत विचारत होती, "पण मी तुला सांगितलं होतं ना गं? सांगितलं होतं ना मी?"